डोमेन नोंदणी संस्थेच्या संचालक निवडणुकीत लहान सभासदाच्या मताला कितपत अर्थ आहे?

प्रश्न : लेस्टरनिवासी

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लेस्टर येथे संकेतस्थळे बांधून देण्याचा आणि होस्टिंगचा छोटा व्यवसाय करतो. ग्राहकांची .यूके नावे मध्यस्थाविना स्वतः नोंदवता यावीत, एवढ्याच हेतूने मी काही वर्षांपूर्वी नॉमिनेट या संस्थेचे सभासदत्व घेतले. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, .यूकेने संपणाऱ्या सर्व नावांची मूळ नोंदवही सांभाळणारी ही ऑक्सफर्डची कंपनी आहे. ती हमीमर्यादित स्वरूपाची असल्यामुळे तिला भागधारक नाहीत, लाभांशही नाही. तिला सभासद आहेत, आणि ते मुख्यत्वे माझ्यासारखे रजिस्ट्रार, म्हणजे ग्राहकांसाठी नावे नोंदवून देणारे, आहेत.

संचालक मंडळावरील काही अकार्यकारी, म्हणजे रोजच्या कारभारात नसलेले, संचालक सभासदांनी निवडायचे असतात. मतदानाची सूचना ईमेलने येते, सोबत उमेदवारांची निवेदने असतात आणि आपण पसंतीक्रम लावायचा असतो. यंदा मत देण्याचा विचार आहे, परंतु तीन शंका आहेत. पहिली अशी की, येथे मताचे वजन सभासदाकडे किती नावे आहेत त्यावर ठरते. एका सभासदाच्या मतांना कमाल मर्यादा घातलेली असली, तरी लाखो नावे बाळगणाऱ्या कंपन्यांपुढे माझ्या दोनशेच्या आसपास नावांची काय मातब्बरी? दुसरी शंका, अशी वजनी पद्धत मुळात योग्य म्हणावी का? आणि तिसरी, भारतातील काही ग्राहकांसाठी मी .इन नावेही नोंदवतो. तेथे अशी निवडणूक नसते, आणि तरीही माझे काम कधी अडलेले नाही. मग निवडणुकीने नेमके साधते तरी काय?

प्रतिसाद : टेम्सकाठी

आपल्या तिसऱ्या शंकेपासून आरंभ करतो, कारण तिचे उत्तर २०२१ च्या मार्च महिन्यात मिळून गेलेले आहे.

नॉमिनेट १९९६ मध्ये स्थापन झाली. तत्पूर्वी .यूके नावांना मंजुरी देण्याचे काम एक स्वयंसेवी समिती करीत असे. नावांची मागणी वाढत गेली तसे ते तिच्या आवाक्याबाहेर गेले. संस्थेच्या रचनेत एक गोष्ट पहिल्यापासूनच आहे, ती म्हणजे मक्तेदारी. रजिस्ट्रार आवडला नाही तर ग्राहक दुसऱ्याकडे जाऊ शकतो, परंतु .यूकेची नोंदवही एकच असल्यामुळे रजिस्ट्रारला दुसरीकडे जाता येत नाही. २०१६ मध्ये रजिस्ट्रारने एका नावामागे संस्थेला द्यायचा घाऊक दर वर्षाला अडीच पौंडांवरून ३.७५ पौंडांवर गेला आणि २०२० मध्ये ३.९० पौंड झाला. नावे एक कोटीच्या घरात असताना दरातील एवढ्या फरकाने किती रक्कम जमते, हे आपण सहज मांडून पाहू शकाल. सभासदांचा आक्षेप त्या रकमेच्या विनियोगाविषयी होता. स्वयंचलित वाहने, रेडिओ लहरी, सायबर सुरक्षा अशा क्षेत्रांत संस्था शिरत होती, वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन वाढत होते आणि सार्वजनिक कार्यासाठीच्या देणग्या आटत होत्या, असे त्यांचे म्हणणे होते. व्यवस्थापनाच्या मते एकाच उत्पन्नावर विसंबून राहणे धोक्याचे होते. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

ठिणगी पडली ती वेगळ्याच कारणाने. २०२० च्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या वेळी संस्थेने सभासदांचा आपसातील चर्चेचा ऑनलाइन मंच बंद केला. वरकरणी ही किरकोळ बाब वाटते, परंतु ब्रिटनचा २००६ चा कंपनी कायदा उघडून पाहिला की तिचे महत्त्व उमगते. एकूण मतांपैकी पाच टक्के मते असलेल्या सभासदांनी मागणी केली, तर संचालकांना विशेष सर्वसाधारण सभा बोलवावीच लागते, आणि त्या सभेत साध्या बहुमताने संचालकाला पदावरून दूर करता येते. मात्र पाच टक्के गोळा करायचे तर इतर सभासद कोण आहेत आणि त्यांच्यापर्यंत कसे पोहोचायचे, हे ठाऊक हवे. चर्चेची जागा काढून घेतली की कायद्याने दिलेला हक्क कागदावरच राहण्याची भीती असते. सभासद-नोंदवही पाहण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. तो नसता तर पुढचे काही घडलेच नसते, असे माझे मत आहे.

जानेवारी २०२१ च्या अखेरीस क्रिस्टल या होस्टिंग कंपनीचे सायमन ब्लॅकबर्न यांनी ‘पब्लिक बेनिफिट’ नावाने मोहीम उघडली. सभेसाठी त्यांनी दोन ठराव मागितले होते. पहिला ठराव अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि आणखी तिघे, अशा पाच संचालकांना हटवण्याचा होता. दुसरा ठराव बीबीसी ट्रस्टचे माजी अध्यक्ष सर मायकल लायन्स आणि युरोपात आयपी पत्त्यांचे (इंटरनेटवरील उपकरणांच्या क्रमांकांचे) वाटप करणाऱ्या राइप एनसीसीचे माजी प्रमुख अॅक्सेल पावलिक यांना काळजीवाहू म्हणून नेमण्याचा होता. संचालक मंडळाने दुसरा ठराव सभेपुढे येऊच दिला नाही. म्हणजे सभासदांना ‘हे नकोत’ असे सांगण्याची मुभा होती, ‘हे हवेत’ असे सांगण्याची नव्हती. कार्यक्रमपत्रिका ज्याच्या हाती, त्याच्या हाती अर्धी सभा, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

सभा २२ मार्चला ऑनलाइन झाली. आदल्याच दिवशी मुख्य कार्यकारी अधिकारी रसेल हॉवर्थ यांनी पद सोडले होते. ठराव ५२.७४ विरुद्ध ४७.२६ टक्के मतांनी संमत झाला. आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मला या आकड्यांतच दिसते. अंतर एवढे थोडे होते की लहान सभासदांची मते बाजूला काढली असती तर ठराव बारगळला असता, आणि एकही मोठा रजिस्ट्रार सोबत नसता तरीही बारगळलाच असता. त्याच वर्षीच्या नियमित निवडणुकीत ब्लॅकबर्न स्वतः आणि टुकाउज या मोठ्या रजिस्ट्रार कंपनीच्या अॅश्ली ला बोल हे दोघे मंडळावर निवडून आले. पुढे नोंदणी व्यवहारासाठी सभासदांनी निवडलेली एक सल्लागार परिषदही स्थापन झाली.

यावरून एक निष्कर्ष मात्र काढू नये. त्याआधीची कित्येक वर्षे निवडणुका नेमाने होतच होत्या, आणि त्यांनी संस्थेची दिशा तसूभरही बदलली नव्हती. निवडून आलेले संचालक मंडळात अल्पसंख्य असतात आणि गोपनीयतेने व सामूहिक जबाबदारीने बांधलेले असतात. त्यामुळे ते बैठकीत भांडले तरी बाहेर कोणाला कळत नाही. खरी कळ फिरवली ती सभा मागण्याच्या हक्काने. पण तो हक्क वापरण्यासाठी आधी सभासद असावे लागते, आणि .इनचा ग्राहक किंवा रजिस्ट्रार त्या अर्थाने कोणाचाच सभासद नाही. आपले काम अडले नाही हे चांगलेच आहे; प्रश्न अडेल त्या दिवशी काय करता येईल, हा आहे.

प्रतिसाद : वारणाखोरे

मी डोमेनच्या व्यवसायातला नाही. सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण हा माझा पेशा आहे, म्हणून केवळ वजनी मताविषयी लिहितो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या चौकटीत वाढलेल्या माणसाला ‘जितकी नावे तितके मत’ हे ऐकताच खटकते. आपल्याकडे साखर कारखान्याचा सभासद एक शेअर बाळगो वा शंभर, मत एकच. हेच तत्त्व डोमेनच्या जगातही चालते. जर्मनीच्या .डीई नावांची नोंदवही सांभाळणारी डेनिक ही फ्रँकफर्टची नोंदणीकृत सहकारी संस्था आहे. १९९६ च्या डिसेंबरात ती स्थापन झाली, तिचे सभासद तीनशेच्या आसपास आहेत आणि तेथे सभासदाला मत एकच आहे. .डीईची नावे .यूकेपेक्षाही अधिक आहेत, आणि संस्था व्यवस्थित चालली आहे. तेव्हा वजनाविना कारभार अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

परंतु एक सभासद एक मत या पद्धतीचे दुखणेही आम्ही जवळून पाहिले आहे. मताला वजन नसले की वजन वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे सभासदांची संख्या वाढवणे. निवडणूक जवळ आली की सभासदत्वाच्या अर्जांचा गठ्ठा येतो. कोणाचे मंजूर करायचे आणि कोणाचे रखडवायचे, हे सत्तेवर असलेले मंडळच ठरवते. पुढे मतदार यादीवर हरकती, सुनावण्या, न्यायालय. यातील एका दुखण्यावर महाराष्ट्राने २०१३ च्या दुरुस्तीनंतर उपाय केला. राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आले आणि निवडणूक घेण्याचे काम विद्यमान मंडळाच्या हातून निघाले. आपल्या संस्थेत मतदार यादी, उमेदवारांची छाननी आणि मतमोजणी यांपैकी काय मंडळाच्या हाती आहे आणि काय बाहेरच्या संस्थेकडे, हे मी असतो तर सर्वांत आधी तपासले असते. वजन किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

कमाल मर्यादा घातलेले वजनी मत ही मला तडजोड वाटते, अन्याय वाटत नाही. ज्याच्याकडे लाखो नावे आहेत, त्याचे दरवाढीने नुकसानही अधिक होते. (तो ती दरवाढ ग्राहकाच्या अंगावर ढकलतो, हा भाग निराळा.) मला खुपते ते हे की, नॉमिनेट असो वा डेनिक, ज्याच्या खिशातून शेवटी पैसे जातात तो नावाचा धारक मतदार यादीत कोठेच नाही. कारखान्यात निदान ऊस घालणारा शेतकरी सभासद असतो.

प्रतिसाद : ऑकलंडकर

धारकाला किंवा सर्वसामान्य नागरिकाला मत दिले तर काय होते, याचा अनुभव न्यूझीलंडने नुकताच घेतला आहे. येथे .एनझेड नावांचा कारभार इंटरनेटएनझेड ही सभासदांची संस्था पाहते. सभासद होण्यासाठी रजिस्ट्रार असण्याची गरज नाही, अल्प वार्षिक वर्गणी भरून कोणीही होऊ शकतो. सोय अशी असूनही वर्षानुवर्षे सभासद काही शेकड्यांतच होते, आणि नोंदलेली नावे सात लाखांहून अधिक. थोडक्यात, दार उघडे होते, पण आत येणारे जवळपास तेच तेच.

२०२५ मध्ये संस्थेने नव्या घटनेचा मसुदा मांडला. त्यात वैतांगीच्या तहाला, म्हणजे माओरी समाज आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातील १८४० च्या कराराला, महत्त्वाचे स्थान होते. भाषणस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या फ्री स्पीच युनियन या संघटनेने त्यावर आक्षेप घेतला आणि आपल्या समर्थकांना सभासद व्हा असे आवाहन केले. काही आठवड्यांत शेकड्यांची संख्या हजारांवर गेली. एका बाजूने याला संस्था बळकावण्याचा प्रयत्न म्हटले, दुसऱ्या बाजूने लोकशाही म्हटले. वादात माझी स्वतःची बाजू आहे, पण येथे ती महत्त्वाची नाही. वारणाखोरे यांनी अर्जांच्या गठ्ठ्याविषयी लिहिलेले वाचून मला त्या आठवड्यांची आठवण झाली, इतकेच. मात्र या नव्या सभासदांनी नियम मोडला नव्हता, हे लक्षात ठेवावे लागेल. जो दरवाजा संस्थेने स्वतः खुला ठेवला होता, त्यातूनच ते आले.

प्रतिसाद : टोरोंटोतून

कॅनडाची नोंद राहून जाऊ नये म्हणून दोन ओळी. .सीए नाव धारण करणाऱ्याला येथील सिरा या संस्थेचे सभासदत्व विनामूल्य घेता येते आणि संचालकांच्या निवडणुकीत ऑनलाइन मत देता येते. म्हणजे वर खंत व्यक्त झाली तो नावाचा धारक येथे मतदार आहे. तथापि सभासदत्वासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि बहुसंख्य धारकांना असे काही असते याचा पत्ताही नसतो. माझ्या ओळखीतील दुकानदार मंडळींना मी हे सांगतो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग वर्गणी कमी होते का?’

प्रतिसाद : जुहू-गल्ली

.इनचा विषय निघाला आहे, तर थोडे सविस्तर लिहितो.

.इनची नोंदवही आरंभी मुंबईतच होती. जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनसीएसटीकडे, तिची जबाबदारी होती. नियम कडक होते आणि नावे काही हजारांपलीकडे गेली नाहीत. २००३ मध्ये निक्सी ही ना-नफा कंपनी स्थापन झाली, नवे धोरण आले आणि २००५ च्या आरंभी .इन सर्वांसाठी खुले झाले. निक्सीचे मूळ काम देशातील इंटरनेट सेवा कंपन्यांची वाहतूक देशातच एकमेकांना जोडून देण्याचे आहे, त्यामुळे तिच्या सभासदत्वाचा पाया सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांत आहे. नाव धारण करणारा त्यात येत नाही. मंडळाचे सुकाणू केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे असते.

याचा अर्थ कारभार वाईट आहे, असा नाही. मक्तेदारी सरकारी देखरेखीखाली असल्यामुळे येथे नफ्याच्या मोहाविषयीचा वाद फारसा उद्भवला नाही, आणि माहितीचा अधिकार वापरून कागद मागता येतात, जे ब्रिटनमधल्या खासगी कंपनीच्या सभासदाला सहजी जमणारे नाही. उणीव आहे ती निर्णयाआधीच्या टप्प्यावर. कागद मागता येतो तो निर्णय झाल्यावर. निर्णय होण्यापूर्वी मसुदा दिसणे आणि त्यावर लेखी उत्तर मिळणे ही वेगळी गोष्ट आहे.

निवडणूक आणि खुला कारभार या दोहोंत आपण गल्लत करू नये असे मला वाटते, आणि त्यासाठी मराठी माणसाच्या जवळचेच उदाहरण आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतील .भारत नावे सुरू झाली, त्यांत मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषा होत्या. देवनागरी नावात कोणते अक्षर चालावे, कोणते चालू नये, एकसारखी दिसणारी दोन अक्षरे फसवणुकीला वाव देतील का, असे शेकडो प्रश्न अशा वेळी सोडवावे लागतात. ‘दऱ्या’ किंवा ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठी, कोंकणी आणि नेपाळीला लागतो. इंटरनेटच्या मूळ स्तरासाठी, म्हणजे नावांच्या .भारतसारख्या शेवटच्या भागासाठी, देवनागरीचे नियम ठरवणाऱ्या तज्ज्ञगटाने त्याची स्वतंत्र दखल घेऊन ऱ या वर्णाला जागा दिली. त्या गटावर कोणी मतदानाने निवडून आलेले नव्हते. मात्र मसुदा कारणांसह प्रसिद्ध झाला आणि जाहीर अभिप्रायांसाठी खुला ठेवला गेला. मला हे निवडणुकीपेक्षा अधिक उपयोगाचे वाटते. मतदान घेतले असते तर अर्ध्या र च्या बाजूने किती जण उभे राहिले असते?

दोन्हींचा मेळ घालणारा देश पाहायचा असेल, तर ब्राझीलकडे पाहावे. १९९५ पासून तेथे इंटरनेट सुकाणू समिती आहे, आणि .बीआर नावांचा कारभार तिच्या छत्राखाली चालतो. २००३ च्या आदेशानंतर तिची रचना एकवीस जणांची झाली. त्यांत नऊ सरकारचे आहेत. उद्योग, स्वयंसेवी क्षेत्र आणि वैज्ञानिक समुदाय यांचे अकरा जण त्या त्या वर्गाने निवडून द्यायचे असतात, आणि एक इंटरनेटचा जाणकार असतो. सरकार टेबलाशी बसलेले आहे, पण बहुमतात नाही. भारतात बदल मागायचाच झाला, तर नॉमिनेटच्या सभासदत्वापेक्षा या धर्तीवर मागणे अधिक व्यवहार्य ठरेल. आपल्याकडे सरकारला बाहेर काढण्याची मागणी कोणी ऐकून घेणार नाही, आणि ती रास्तही नाही.

मूळ प्रश्नकर्ता : लेस्टरनिवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मत द्यायचे हे आता नक्की झाले. पण एक व्यावहारिक अडचण उरते. उमेदवारांची निवेदने मी वाचून काढली. पारदर्शकता, सभासदांशी संवाद, सार्वजनिक हित, हे शब्द सगळ्यांकडेच आहेत. मग निवड कशी करावी?

प्रतिसाद : टेम्सकाठी

शब्द सारखे असणारच, कारण २०२१ नंतर त्यांच्याशिवाय कोणी उभा राहू शकत नाही. मी निवेदनात चार ठिकाणी पाहतो. उमेदवार सध्या कोणाचे वेतन घेतो, हे पहिले. मोठ्या रजिस्ट्रारचा नोकर असणे हा दोष नव्हे, पण दराचा प्रश्न मंडळापुढे आला की तो चर्चेतून बाजूला होणार की नाही, हे त्याने आधी सांगितलेले असावे. दुसरे, घाऊक दर कशाच्या आधारावर ठरावा याविषयी त्याने एक तरी ठोस वाक्य लिहिले आहे का. तिसरे, मंडळाचे इतिवृत्त किती दिवसांत आणि कितपत काटछाट करून प्रसिद्ध व्हावे, याविषयी तो काय म्हणतो. ‘पारदर्शकता’ हा शब्द वापरून इतिवृत्ताचा उल्लेखही न करणाऱ्याला मी शेवटी ठेवतो. चौथे, नोंदणीबाहेरच्या नव्या व्यवसायात संस्थेचा पैसा घालण्यापूर्वी सभासदांना विचारावे अशी काही आर्थिक मर्यादा तो सुचवतो का. या चौथ्या मुद्द्यावर बहुतेक जण गप्प असतात, आणि २०२१ चा सारा वाद तेथूनच उगवला होता.

निवेदनावर भागत नसेल, तर उमेदवाराला ईमेल करून हेच विचारा. आपल्याकडे थोडी नावे आहेत म्हणून उत्तर मिळणार नाही असे समजू नका. वजनी मतदानात मोठ्यांची मते बहुधा आधीच ठरलेली असतात, त्यामुळे उमेदवाराला दारोदार फिरावे लागते ते आपल्यासारख्यांकडेच.

आणखी एक. पसंतीक्रमाच्या मतदानात एकच नाव लिहून थांबू नका. आपला पहिला उमेदवार बाद झाला तर मत पुढच्या पसंतीकडे सरकते. पुढची पसंती लिहिलेलीच नसेल, तर ते तेथेच संपते. मुदत कधी संपते ते सूचनेत पाहून घ्या, आणि मतदानाची सूचना ज्या ईमेल पत्त्यावर येते तो आपल्या सभासद खात्यात आजही बरोबर आहे ना, तेही तपासा. लहान कंपन्यांत तो पत्ता बहुधा अशा कोणा सहकाऱ्याचा असतो, जो केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

प्रतिसाद : वारणाखोरे

टेम्सकाठी यांच्या यादीत एकाची भर घालतो. प्रतिनिधीमार्फत मत देण्याची सोय असेल, तर कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करून कोणाला देऊ नका. आफ्रिका खंडात आयपी पत्त्यांचे वाटप करणाऱ्या आफ्रिनिकची निवडणूक जून २०२५ मध्ये मॉरिशसला एका वादग्रस्त मुखत्यारपत्रावरून थांबली, रद्द ठरली आणि सप्टेंबरात पुन्हा घ्यावी लागली. ती डोमेनची संस्था नाही, पण सभासद, मतदार यादी आणि मुखत्यारपत्र हे त्रिकूट सगळीकडे सारखेच असते. आपले मत आपणच द्या. ऑनलाइन असल्यावर त्याला वेळ तो किती लागणार?